घरामागची कड ढासळतेय: भिंत घालण्याआधी पाण्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या उतारावर घर आहे. दोन वर्षांपूर्वी जेसीबीने उतार कापून जागा सपाट केली. मागे साधारण १० फूट उंचीची उभी कड राहिली आणि कापलेला मुरूम पुढे लोटून अंगण केलं. कड आणि घराची मागची भिंत यांच्यात ४ फुटांची बोळ आहे. गेल्या पावसाळ्यात कड दोन ठिकाणी ढासळली, मागच्या खोलीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली आणि अंगणाचा एक कोपरा खचला. गवंडी म्हणतो आरसीसीची भिंत घाला. शेजारी म्हणतात वर डोंगरावर चर खणा, पाणी तिथेच जिरेल. काठावर एक जुना निंब आहे, तो पाडायचा की ठेवायचा, हेही तुम्ही विचारलंय.

गवंड्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही. शेजाऱ्यांचा सल्ला मात्र तुमच्या जागेपुरता धोक्याचा आहे. त्याचं कारण आधी सांगतो, कारण सध्या आपल्या भागात सगळ्यांच्या डोक्यात पाणी जिरवणंच बसलंय.

ते बसलं यात वाईट काही नाही. तुमच्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि डोंगरावरच्या चरांच्या जोरावर उजाड रान पुन्हा हिरवं केलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिकडे शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून पाणी जमिनीच्या पोटात घातलं. विहिरीला पाणी हवं असेल तर हेच करायचं. पण घरामागे कापलेली कड ही विहीर नव्हे. तिच्या माथ्यावर समपातळीत चर खणला तर प्रत्येक पावसात तो भरून राहील आणि ते पाणी हळूहळू मुरत जाऊन कडेच्या अंगातूनच बाहेर येईल. म्हणजे ज्या मुरमाला कोरडं ठेवायचं, त्यालाच आपण वरून पाणी पाजत बसू. मी कडेच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरात पाणी थांबवणारं कुठलंही काम करू देत नाही. तुमच्याकडे १० फूट कड आहे, तेव्हा काठापासून ३० फुटांत ना चर, ना शोषखड्डा, ना बोअरच्या पुनर्भरणाचा खड्डा. त्याच्या वर, डोंगरात लांब, शेजाऱ्यांना हवे तेवढे चर खणू देत. फक्त ते फुटले तर पाणी कुठे येईल तेवढं बघून ठेवा.

आता मुरूम असा का वागतो ते. आपला सगळा खानदेश दख्खनच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. थरावर थर: घट्ट काळा पाषाण, त्याच्या खाली-वर मऊ मांजऱ्या खडक, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी. वरचा खडक झिजून जो होतो तो मुरूम. उन्हाळ्यात कापलेला मुरूम भिंतीसारखा उभा राहतो. टिकाव मारला तरी ठिणगी उडते, म्हणून जेसीबीवाला सांगतो, ‘काही होत नाही, खडकच आहे.’ एक-दोन पावसाळे तो उभाही राहतो. पण मुरमात बारीक भेगा असतात. पाणी त्यांत शिरलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि शिवाय आत भरलेलं पाणी बाहेरच्या बाजूला ढकलतं. तुमची कड दुसऱ्या पावसाळ्यात ढासळली, यात नवल काहीच नाही.

‘आपल्याकडे पाऊस असतो किती?’ हेही लोक नेहमी म्हणतात. पावसाची वार्षिक सरासरी धुळ्याकडे कोकणाच्या मानाने कितीतरी कमी, हे खरं. पण कडेला वर्षाची सरासरी कळत नाही, तिला एका तासाचा पाऊस कळतो. २०२१ मध्ये ३० ऑगस्टच्या रात्रीपासून चाळीसगावच्या डोंगररांगेत असा पाऊस पडला की तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. तो काही दरवर्षी मुसळधार पावसाचा मुलूख नव्हे.

तुमच्याकडे किती पाणी येतं ते मोजू. घराच्या वरचा, ज्याचं पाणी तुमच्या दिशेने उतरतं तो उतार अर्धा एकर धरा, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हा हिशोब पाठ करून ठेवा, फार उपयोगी आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर त्या उतारावर १ लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं ६० टक्के वाहून आलं असं धरू. ते झालं ६०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर एका तासात तुमच्या कडेवरून खाली ओतल्यासारखं. सेकंदाला साधारण १७ लिटर.

हा आकडा हातात आला की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. बरेच जण वर ४ इंची पीव्हीसी पाइप टाकून मोकळे होतात. तो दर शंभर फुटाला एक फूट उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला सहा-सात लिटरच्या पुढे जात नाही. ६ इंची पाइप कसाबसा पुरतो, पण एक पळसाचं पान आणि मूठभर खडे तोंडाशी अडकले की संपलं. त्यापेक्षा एक फूट रुंद आणि एक फूट खोल उघडी चारी खणा. तिच्यात आठ इंच पाणी चालू असलं तरी ती या १७ लिटरच्या दुपटीहून जास्त नेते. गाळ साचला तर डोळ्यांना दिसतो आणि फावड्याने काढता येतो. डोंगराच्या पायथ्याला मी पाइपवर कधी विसंबत नाही.

ही चारी कुठे आणि कशी काढायची, यावर तुमच्या कामाचं निम्मं यश आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

काठापासून निदान १० फूट मागे, म्हणजे कडेच्या उंचीएवढं अंतर सोडून, उताराला आडवी चारी काढायची. ती अगदी समपातळीत नको, एका किंवा दोन्ही बाजूंना हलका उतार देत जायची. जमत असेल तर मधून दोन्हीकडे काढा, म्हणजे पाणी वाटलं जातं. उतार दर १० फुटाला १ इंच. याहून कमी दिलात तर गाळ बसतो. याहून फार जास्त दिलात तर चारी स्वतःलाच खणत जाते. गवंड्याकडे पारदर्शक नळीची लेव्हल असतेच. जिथे पाणी सोडायचं त्या टोकापासून सुरुवात करा, दर १० फुटाला खुंटी ठोका आणि प्रत्येक खुंटी मागच्या खुंटीपेक्षा एक इंच वर घेत या. डोळ्याच्या अंदाजाने काढलेली चारी उतारावर हमखास फसवते, कारण तिरक्या जमिनीवर सपाट काय ते डोळ्याला कळत नाही. पांझरेकाठच्या फडांचे, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतांचे, जुने पाट कधी बघितलेत का? यंत्राशिवाय काढलेले, मैल-मैल हलक्या उताराने पाणी नेणारे. त्या लोकांना हा हिशोब हाताला आला होता.

खणलेली माती खालच्या बाजूला, चारीच्या ओठापासून फूटभर जागा सोडून टाकायची आणि धुमसून तिचा बांध करायचा. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चारीत.

एरवी मुरमातली चारी कच्ची चालते, पण तुमची कडेच्या माथ्यावर आहे, तेव्हा ती गळता कामा नये. सिमेंट परवडत असेल तर दगड बसवून त्यांच्या फटी सिमेंटने भरून (दर्जा भरून) घ्या. नसेल तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घ्या, कुणाकडे तरी उरलेला तुकडा नक्की मिळतो. तो चारीत अंथरून कडा मातीत गाडा आणि वर चपटे दगड मांडा. दगड हवेतच, नाहीतर ऊन आणि ढोरांच्या खुरांनी दोन वर्षांत कागदाच्या चिंध्या होतात.

आता ती चारी संपते कुठे? मी बघितलेल्या बिघडलेल्या कामांपैकी बहुतेक या टोकाशी बिघडलेली. वर सगळं नेटकं केलेलं असतं आणि शेवटी पाणी उताराच्या कडेवर उघडं सोडून दिलेलं असतं. वाढलेल्या वेगाने ते तिथे खड्डा पाडतं, खड्ड्याची घळ होते, आणि घळ मागे मागे सरकत वर येते. चार-पाच वर्षांत ती तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या पायाशी पोहोचते. म्हणून पाणी आधीपासून असलेल्या ओहोळातच सोडा, आणि सोडता तिथे सहा-सात फूट लांब मोठ्या डबराची फरसबंदी करा. उतार फार असेल तर दगडाच्या पायऱ्या करून पाणी टप्प्याटप्प्याने उतरवा.

तिथे आधीच लहान घळ पडली असेल तर दगडी बांध घाला, पण ते घालण्याची एक पद्धत आहे. बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधून जातं. मध्य उंच राहिला की पाणी बाजू कापून निघतं आणि बांध घळीत एकटाच उभा राहतो. दोन्ही टोकं काठात निदान दीड फूट आत शिरवायची. आणि दोन बांधांमधलं अंतर असं ठेवायचं की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. सगळ्यात मोठे दगड पायाला आणि पाणी पडतं त्या बाजूला.

हे पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका. नैसर्गिक ओहोळाची वाट बदलून दुसऱ्याच्या अंगावर पाणी घातलं तर भांडण तहसीलपर्यंत जातं आणि तिथे तुमची बाजू पडते. वरची जमीन वनखात्याची असेल तर हद्दीच्या आतच चारी बसवा, पलीकडे टिकाव मारायचा तर परवानगी लागते. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर आधी ग्रामसभेत बोला. ते सोपं पडतं आणि कधी कधी मनुष्यबळही मिळतं.

वरचं पाणी वळवलं की मग खालच्या पाण्याकडे. तुमच्या मागच्या खोलीची ओल कशाची, हे आधी ओळखा. पाऊस चालू असतानाच भिंत ओली होते आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की सुकते, तर ते वरून येणारं पाणी, चारी झाली की कमी होईल. पण पाऊस थांबून आठवडा झाला तरी कडेला एका आडव्या रेघेत पाझर दिसतो, तिथे शेवाळ धरतं, आणि बहुतेकदा त्या रेघेखाली लालसर मातीचा पट्टा दिसतो, तर ते डोंगराच्या पोटातलं पाणी आहे. लाल पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं बाहेर येतं. धुळे-नंदुरबार भागात उभ्या खडकाच्या भिंतीही जमिनीत फार आहेत, ज्यांना डाईक म्हणतात. अशा भिंतीच्या एका अंगाला पाणी तुंबतं आणि दुसऱ्या अंगाला खडखडाट असतो. विहीर खोदणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. तुमच्या शिवारातल्या एखाद्या जुन्या विहीरवाल्याला कड दाखवा, तो पाच मिनिटांत सांगेल पाणी कुठून येतं.

आतलं पाणी अडवायचं नाही, त्याला बाहेर यायला सोय करून द्यायची. कडेच्या पायथ्याशी, बोळीत, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणा. तळाला सच्छिद्र पाइप टाका, त्याला निचऱ्याचं कापड (जिओटेक्स्टाइल) गुंडाळा, वर खडी भरा. घराकडच्या बाजूला हा चर सिमेंटने बंद करा, म्हणजे पाणी पायात मुरणार नाही. चराचा तळ घराच्या पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ देऊ नका. ४ फुटांच्या बोळीत तो मोह होतो आणि मग पायाच उघडा पडतो. त्यावर उघडी पक्की नाली, आणि उरलेल्या बोळीला फरशी किंवा कोबा, घराकडून नालीकडे उतरता. नाली घराच्या दोन्ही बाजूंनी पुढे काढा.

बोळीबद्दल एक तक्रार करू द्या. अशा बोळीत लोक न्हाणी बांधतात, सरपण रचतात, शेळ्या बांधतात, कडबा लावतात. मग पावसाळ्यात नाली साफ करायला कुणी आत शिरू शकत नाही. बोळ रिकामी हवी. न्हाणीचं आणि धुण्या-भांड्याचं पाणी बंद पाइपने पुढे न्या. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कडेच्या वर चुकूनही नको, आणि पुढे असेल तरी खचलेल्या कोपऱ्यापासून लांब.

छताचं पाणीही यातच आलं. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर १ इंच पाऊस पडला तर जवळपास २,३०० लिटर पाणी होतं. जुन्या धाब्याच्या घरांना पुढे लांब पन्हाळं असायची, पाणी भिंतीपासून चार हात दूर पडायचं. आता स्लॅबचा पाइप भिंतीला चिकटून खाली येतो आणि पायाशीच सुटतो. तुमच्या अंगणाचा खचलेला कोपरा मला न बघताही तसाच वाटतो: तिथे छताचा पाइप सुटत असणार. बघून घ्या. अंगणाचा भराव जेसीबीने लोटलेला आहे, थरावर थर टाकून पाणी मारून धुमसलेला नाही, तेव्हा त्यात पाणी गेलं की तो बसतच राहणार. खचलेला कोपरा भरायचा तर आधी तिथली सैल माती काढा, सहा ते नऊ इंचांचे थर टाका, प्रत्येक थर ओलसर करून धुमसा, आणि वरून पाणी बाहेर जाईल असा ढाळ द्या. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला दगडी पिचिंग हवं. छताचं पाणी बंद पाइपने भरावाच्या पलीकडे सोडा. टाकीत साठवलंत तर आणखी चांगलं, पण टाकीही कडेच्या वर नको.

आता भिंत. गवंड्याने आरसीसी सांगितली, ठीक. पण त्याने भिंतीच्या मागच्या पाण्याबद्दल काही म्हटलं का? १० फूट, म्हणजे ३ मीटर उंचीची भिंत घ्या. मागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण अडीच टन जोर येतो. मागे माथ्यापर्यंत पाणी भरलं तर तोच जोर साडेपाच-सहा टनांपर्यंत जातो, आणि त्यात मोठा वाटा नुसत्या पाण्याचा असतो. पाणी निघायला जागा नसलेली भिंत म्हणजे बंधारा, आणि बंधाऱ्याचा हिशोब करून कुणी घरामागची भिंत बांधत नाही. म्हणून मी आधी पाणी, मग भिंत म्हणतो. चारी आणि नाली झाल्यावर एक पावसाळा बघा. कदाचित तुम्हाला गवंडी सांगतोय तेवढी भिंत लागणारही नाही.

लागली तर माझी पसंती आरसीसीला नाही. वर जागा असेल तर आधी कड टप्प्यात कापा: ५-५ फुटांचे दोन टप्पे, मध्ये ४ फुटांचा ओटा, ओट्यावर पक्की नाली. उभ्या कडेऐवजी उतार दिला तर आणखी बरं. त्याने अर्धा धोका तिथेच जातो, आणि प्रत्येक टप्प्याला डोंगराकडे कललेली कोरड्या दगडाची भिंत पुरते. टप्पे करायला जागा नसेल तर जाळीतल्या दगडांची, म्हणजे गॅबियनची भिंत घाला. ती थोडी वाकते पण मोडत नाही, आणि पाणी तिच्या अंगातून निघून जातं. ३ मीटर उंचीला तळाशी २ मीटर रुंदी लागते, म्हणजे तुमची ४ फुटांची बोळ अपुरी आहे, कड मागे घ्यावी लागेल. जाळी जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचीच घ्या. दगड जाळीच्या घरापेक्षा मोठे, हाताने रचून बसवलेले. ट्रॅक्टरने आत ओतलेले दगड पोट काढतात. मागे निचऱ्याचं कापड लावा, नाहीतर बारीक मुरूम दगडांतून वाहून येतो आणि भिंतीमागे पोकळी पडते.

आरसीसीच करायची ठरली तर १० फुटांची भिंत गवंड्याच्या अंदाजावर करू नका, आराखडा इंजिनिअरकडून घ्या. भिंतीत ३ ते ४ इंची पाइप, साधारण दीड-दोन मीटरवर, खालच्या-वरच्या रांगांत एकाआड एक, बाहेरच्या बाजूला उतरते. पाइपाच्या मागे फूटभर खडीचा थर, भिंतीच्या पूर्ण उंचीचा. पाइप टाकले आणि मागे खडी नाही घातली, असं फार ठिकाणी बघितलंय. ते पाइप दुसऱ्याच वर्षी मातीने बुजतात. विटांची भिंत कडेला टेकवून बांधणं म्हणजे पैसे पाण्यात.

कड मागे घेताना निघणारा मुरूम विकायचा किंवा बाहेर न्यायचा तर तो गौण खनिजात येतो. तलाठ्याला विचारून परवानगी घ्या.

हिरवळ सगळ्यात शेवटी, पण टाळू नका. काठावर आणि टप्प्यांवर वाळा लावा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंतही, आणि पाणी गाळून पुढे सोडतात. रोपं अर्ध्या फुटाच्या आत, सलग रांगेत, पहिल्या दोन पावसांनंतर. दूर दूर लावलेला वाळा काही धरत नाही. उताराच्या बाकी भागावर मारवेल, पवन्या, मध्ये निरगुडी, करवंद, सीताफळ. निरगुडीला ढोरं तोंड लावत नाहीत, हा तिचा मोठा गुण. घायपात कुंपणासारखी चालते. मानवेल बांबू माती छान धरतो, पण तो ओहोळाच्या काठी लावा, भिंतीजवळ नको. गुलमोहर नको, वड-पिंपळ तर नकोच, दगडी भिंतीत मूळ शिरलं की दगड सुटा होतो. काठावर पपई किंवा भाजी लावून ठिबक सोडणं हेही पाणी पाजणंच आहे. आणि निदान दोन पावसाळे शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

वेळेचं असं. मोजमाप आणि खुंट्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत, चारी आणि बोळीतली नाली मृगाच्या आधी. एवढं झालं तरी हा पावसाळा निभेल. भिंत पुढच्या वर्षी. पावसाळ्यात कड कापायला जेसीबी आणू नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी खरंच कुठून येतं, कुठे वळतं, कुठे उडी मारतं ते बघा. तो अर्धा तास माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त शिकवेल. नंतर दर मोठ्या पावसानंतर फावडं घेऊन एक चक्कर. फडांच्या पाटावर त्यासाठी पाटकरी असायचा, तुमच्या घरचा पाटकरी कोण हे आजच ठरवा. हस्ताचा पाऊस संपल्यावर एकदा पूर्ण गाळ काढा.

काम होईपर्यंत जोराच्या पावसाच्या रात्री मागच्या खोलीत कुणी झोपू नये. काठाला समांतर भेग दिसली, निंब किंवा विजेचा खांब कलला, मागचं दार अचानक अडकू लागलं, पाझराचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा चालू पाझर पावसातच बंद पडला, तर भिंत-चारी सगळं बाजूला ठेवून माणसं आणि ढोरं घेऊन बाहेर निघा. जाताना सरळ कडेखालून नको, बाजूने. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. भेग लहान असेल आणि ऊन असेल तर ती चिकणमातीने ठासून भरा आणि वर ताडपत्री टाका, पाणी आत जाता कामा नये. पण भेग दिसल्यावर माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर थांबू नका. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि भूवैज्ञानिकाकडून पाहणी मागा.

राहिला निंब. तो सरळ उभा असेल आणि काठापासून पाच-सहा फूट आत असेल तर ठेवा, फक्त फांद्या छाटून वरचा भार आणि वाऱ्याचा झोत कमी करा. मुळं उघडी पडली असतील, बुंधा कडेकडे झुकला असेल, तर तो जाईल, आणि जाताना कडेचा मोठा तुकडा घेऊन जाईल. तेव्हा रीतसर परवानगी घेऊन बुंधा जमिनीलगत कापा. मूळ उपटू नका. जेसीबीने खोड उपटलं की तिथे खड्डा पडतो आणि त्यात पाणी साचतं, जे आपल्याला काठावर नको आहे. कापलेल्या झाडाची मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजत जातात. तेवढ्या वेळात वाळा आणि निरगुडी तिथे रुजलेली हवी, म्हणून झाड कापाल त्याच पावसाळ्यात त्यांची लागवड करा. शक्यता अशीही आहे की निंब कापल्यावर त्याच बुंध्याला नवे फुटवे येतील. ते राहू द्या, कमरेच्या वर वाढले की छाटत जा.